आज्ञावलीवरील शिक्कामोर्तब

२०२५ च्या हंगामापासून देवगडच्या हापूस आंब्यावर एक लहानसा स्टिकर दिसू लागला. अन्य भागांतील आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातो, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे. तिच्यावर उपाय म्हणून देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळास स्वतंत्र क्रमांक असलेला स्टिकर लावण्याची पद्धत सुरू केली. बागायतदाराकडे झाडे किती, हे पाहून त्याला त्या प्रमाणात स्टिकर दिले जातात. ग्राहकाने स्टिकरचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवावयाचे आणि स्टिकर उचकटल्यावरच दिसणारा क्रमांक कळवावयाचा. म्हणजे फळ खरोखर देवगडचे आहे किंवा कसे, याचा उलगडा होतो.

या व्यवस्थेतून दोन गोष्टी कळतात. फळ कोणाकडून आले, ही पहिली. आणि स्टिकरची कोणी नक्कल केलेली नाही, ही दुसरी. तिसरी एक गोष्ट मात्र तिच्यातून कळत नाही. आंब्याच्या पोटात साका आहे की नाही, हे फळ कापल्यावाचून समजत नाही आणि कोणताही स्टिकर साका शोधून देत नाही.

आपल्या कार्यालयांतील संगणकांवर ज्या आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, बसविल्या जातात, त्यांच्याबाबतही हेच प्रश्न उभे राहतात. ही आज्ञावली कोणी केली? ती निर्मात्याच्या हातून सुटल्यापासून आपल्या संगणकावर येईपर्यंत वाटेत कोणी तिच्यात फेरफार केला काय? या दोन प्रश्नांचे उत्तर देणारी जी व्यवस्था जगभर रूढ झाली आहे, तिला कोड साइनिंग, म्हणजे आज्ञावलीवरील डिजिटल स्वाक्षरी, असे म्हणतात. हा विषय केवळ संगणक-तज्ज्ञांचा आहे असा समज आढळतो. तो बरोबर नाही, हे पुढील प्रसंगावरून लक्षात यावे.

मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका ग्रामपंचायतीत प्रस्तुत लेखकास कामानिमित्त जाण्याचा योग आला. तेथे घरपट्टीच्या हिशोबाची नवी आज्ञावली संगणकावर बसविण्याचे काम चालू होते. नमुना ८ व नमुना ९ यांची जुळणी तिच्यामुळे सुकर होणार असल्याने सर्वजण उत्सुक होते. पेन ड्राइव्ह लावला गेला, फाइल उघडण्यात आली आणि पडद्यावर एक निळी चौकट उमटली. विंडोजने आपल्या संगणकाचे रक्षण केले आहे आणि या आज्ञावलीचा प्रकाशक अज्ञात आहे, असा तिच्यातील इंग्रजी मजकुराचा आशय होता. संगणक परिचालकाने तो न वाचताच ‘मोअर इन्फो’ आणि मग ‘रन एनीवे’ ही बटणे सफाईने दाबली. विचारले असता तो म्हणाला, “तां नेहमीच येता, सायबानु. थंय दाबलां काय जाता.” सोबतच्या छापील माहितीपत्रकात तर आज्ञावली बसविण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा, अशी स्पष्ट सूचनाच होती.

त्याच संगणकाच्या दुसऱ्या खाचेत सरपंचांचे डोंगल लावलेले होते. वित्त आयोगाच्या निधीतील देयके ई-ग्रामस्वराज प्रणालीतून याच डोंगलमधील डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. सरपंच आणि ग्रामसेवक (ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) यांच्या दोन स्वाक्षऱ्या झाल्या की गावचा पैसा हलतो. त्या डोंगलचा पिन ज्या कळफलकावर टंकित केला जातो, त्याच्यावर संगणकातील एखादी दुष्ट आज्ञावली गुपचूप नजर ठेवू शकते. मालवणच्या त्या आज्ञावलीत काही वाईट होते, असे मुळीच सुचवावयाचे नाही. ती एका होतकरू तरुणाने प्रामाणिकपणे तयार केलेली होती. परंतु ती त्याचीच होती, हे त्या क्षणी त्या खोलीतील कोणालाही सिद्ध करता आले नसते. इशारा दिसताच बटण दाबण्याची जी सवय प्रामाणिक आज्ञावलीने लावली, तीच सवय उद्या अप्रामाणिक आज्ञावलीस दार उघडून देते. खरी चिंता आहे ती या सवयीची.

मोर्तब आणि हॅश

आपल्या भाषेत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण सहज वापरतो. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांत शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या मुद्रा असत. शिक्का पत्र कोणाचे ते सांगे. मोर्तबाची मुद्रा मजकूर जेथे संपला तेथे उमटविली जाई. तिच्या खाली कोणी दोन ओळी वाढविल्या तर त्या बनावट, हे उघड होई. कागद जोडून लांब केलेला असेल तर जोडावरही मुद्रा उठवीत, जेणेकरून मधला तुकडा बदलता येऊ नये. कर्ता कोण आणि मजकूर अबाधित आहे काय, हे दोन्ही प्रश्न आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

संगणकाची पद्धत तत्त्वतः हीच आहे. आज्ञावलीची संपूर्ण फाइल एका गणिती क्रियेतून काढली जाते व तिच्यापासून ठरावीक लांबीचा एक अंक मिळतो. त्याला हॅश म्हणतात. फाइल पाचशे पानांच्या ग्रंथाएवढी असो वा एका चिठ्ठीएवढी, हॅशची लांबी तेवढीच. मात्र ग्रंथातील एक स्वल्पविराम बदलला तरी येणारा अंक पूर्णपणे निराळा असतो. निर्माता या हॅशवर आपल्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी करतो. या किल्लीची एक जोडीदार किल्ली असते. ती सर्वांस खुली असते. खुल्या किल्लीने स्वाक्षरी पडताळता येते, परंतु करता येत नाही. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन या संशोधकांनी या जोडकिल्लीची कल्पना मांडली व १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तिला व्यवहार्य रूप दिले. मायक्रोसॉफ्टने आज्ञावलींसाठी १९९६ मध्ये ‘ऑथेंटिकोड’ या नावाने ही पद्धत आणली.

येथे एक शंका येईल. किल्ल्यांची जोडी कोणालाही घरबसल्या तयार करता येते. मग ही खुली किल्ली अमुक व्यक्तीचीच, हे कोणी सांगावे? आंब्याच्या बाबतीत संस्था सांगते. येथे प्रमाणन संस्था सांगते. ती अर्जदाराची ओळख तपासते आणि त्याचे नाव व खुली किल्ली यांची सांगड घालणारे प्रमाणपत्र देते. विश्वासू मानल्या गेलेल्या प्रमाणन संस्थांची यादी विंडोजमध्ये आधीपासूनच साठविलेली असते. प्रमाणपत्राची साखळी त्या यादीपर्यंत पोहोचली तर संगणक प्रकाशकाचे नाव दाखवितो. न पोहोचल्यास ‘अज्ञात’ म्हणतो. ‘अज्ञात’ म्हणजे ‘घातक’ नव्हे. यास कोणी जामीन नाही, एवढाच त्याचा अर्थ. स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र वापरणारे विकसक आढळतात. ते म्हणजे आरोपीने स्वतःच आपला जामीन राहण्यासारखे आहे.

कार्यालयात डोंगल आहेच, तर त्यानेच आज्ञावलीवर सही करता येणार नाही काय, असे एका सदस्यांनी विचारले होते. प्रश्न रास्त आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला व त्याअन्वये प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाची व्यवस्था झाली. आपली डीएससी त्या चौकटीतील आहे. १ मे २०१८ पासून नागरिकांना मिळू लागलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारादेखील याच कायद्याच्या आधारावर उभा आहे. परंतु प्रत्येक प्रमाणपत्रात ते कोणत्या कामासाठी आहे, याची नोंद असते. कागदपत्रांवर सही करण्याच्या प्रमाणपत्राने आज्ञावलीवर सही केल्यास संगणक ती मान्य करीत नाही. तलाठ्याचा शिक्का अस्सल असला तरी तो वैद्यकीय दाखल्यावर चालत नाही, तसेच हे.

स्वतंत्र विकसकापुढील अटी

मालवण, कुडाळ, सावंतवाडी या परिसरात संगणकाचे शिक्षण घेऊन गावीच राहू इच्छिणारी तरुण मंडळी आता दिसू लागली आहेत. मच्छीमार सहकारी संस्थेच्या डिझेल परताव्याचा हिशोब, तारकर्लीच्या निवास-न्याहारी केंद्राची नोंदवही, काजू कारखान्याची हजेरी अशा गरजांसाठी मोठ्या कंपन्या आज्ञावली करीत नाहीत. ही मंडळी करतात. शिवाय किनाऱ्यावर वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा पावसाळ्यात कितपत असतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. म्हणून संगणकातच बसणारी आज्ञावली येथे अद्याप उपयोगी ठरते. अशा एकट्या विकसकाला स्वाक्षरी मिळविण्यासाठी काय करावे लागते, ते थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

पहिली पायरी ओळख पटविण्याची. व्यक्ती असेल तर छायाचित्रासह शासकीय ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी आणि स्वतंत्र मार्गाने पडताळता येईल असा दूरध्वनी क्रमांक. ऐकावयास हे सोपे वाटते. प्रत्यक्षात आपल्याकडील अर्ज अडतात ते नावावरून. आधारवर वडिलांचे नाव मधोमध, पॅनवर ते नाही, पारपत्रावर आडनावाची रोमन वर्णाक्षरे निराळी. परदेशातील तपासनिसाला ही एकच व्यक्ती वाटत नाही. अर्ज करण्यापूर्वी सर्व कागदांवरील नाव एकसारखे करून घेणे हा यावरील साधा उपाय होय.

दुसरी अट किल्लीच्या जतनाची. पूर्वी ही गुप्त किल्ली एका फाइलच्या स्वरूपात संगणकावर ठेवता येई. साहजिकच ती चोरीला जाई. प्रमाणन संस्था व ब्राउझर-निर्माते यांच्या संयुक्त मंचाने १ जून २०२३ पासून असा नियम केला की, आज्ञावलीवरील स्वाक्षरीची गुप्त किल्ली ठरावीक दर्जाच्या सुरक्षित उपकरणातच तयार व्हावी आणि तेथेच राहावी. आपल्या डोंगलप्रमाणेच ती बाहेर काढता येत नाही. हे उपकरण परदेशातून येत असल्यास टपालखर्च, सीमाशुल्क व वेळ यांचा विचार करावा लागतो. काही संस्था किल्ली आपल्याकडील यंत्रात ठेवून दुरून सही करण्याची सोय देतात. तिचे शुल्क वेगळे.

तिसरी अट मुदतीची. प्रमाणपत्राची कमाल मुदत पूर्वी ३९ महिने होती. १ मार्च २०२६ पासून देण्यात येणाऱ्या प्रमाणपत्रांसाठी ती ४६० दिवसांवर आणण्याचे या मंचाने ठरविले. म्हणजे नूतनीकरणाची कटकट जवळजवळ दरसालची झाली. खर्चाचे म्हणावे तर संस्था व प्रकार यांनुसार फरक पडतो. तथापि वर्षाकाठी साधारणतः पंधरा-वीस हजार रुपयांपासून पुढे धरून चालावे. ज्याची आज्ञावली वीस ग्रामपंचायतींत दोन-दोन हजारांस विकली जाते, त्याच्या मिळकतीचा केवढा हिस्सा सहीवर खर्च होतो, याचा हिशोब वाचकांनीच करावा. बंदरात ट्रॉलरला आणि दोन वल्ह्यांच्या होडीला एकच शुल्क लावण्यासारखा हा प्रकार आहे. नियम सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य आहे. भार मात्र लहानावर अधिक पडतो, हे मान्य केले पाहिजे.

इतके करूनही निळी चौकट लगेच जाईलच, असे नाही. विंडोजमधील स्मार्टस्क्रीन ही व्यवस्था सहीबरोबरच पतही पाहते. ही फाइल किंवा हा सहीदार किती संगणकांवर पूर्वी दिसला, त्याच्याविषयी तक्रारी आल्या काय, यावरून ती पत ठरते. पूर्वी अधिक कसोशीने तपासून दिलेल्या महाग प्रमाणपत्रास ही पत पहिल्या दिवसापासून मिळत असे. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सवलत काढून घेतली. सही नसलेल्या फाइलची पत प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर शून्यावर येते. सही असल्यास ती सहीदाराच्या नावावर साठत जाते. एका तालुक्यापुरत्या चालणाऱ्या आज्ञावलीला ही पुंजी साठविण्यास फार काळ लागतो, हे खरे. परंतु सहीविना तिचा आरंभच होत नाही.

अ‍ॅपलच्या संगणकांवर रीत थोडी वेगळी आहे. तेथे विकसकाने वर्षाला ९९ डॉलर भरून सदस्य व्हावयाचे, अ‍ॅपलनेच दिलेल्या प्रमाणपत्राने सही करावयाची आणि तयार आज्ञावली कंपनीच्या यंत्रणेकडे तपासणीसाठी पाठवावयाची. २०१९ च्या आवृत्तीपासून ही तपासणी आवश्यक ठरली. आपल्या कार्यालयांत हे संगणक क्वचितच असल्याने अधिक विस्तार करीत नाही.

कमी खर्चाचे मार्गही आहेत व ते आपल्या तरुणांस फारसे माहीत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमधून एमएसआयएक्स या स्वरूपात आज्ञावली दिली तर तिच्यावर कंपनी स्वतःची सही करते. विकसकाला वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. व्यक्तिगत विकसकांसाठीचे तेथील नोंदणी शुल्कही २०२५ मध्ये रद्द करण्यात आले. आज्ञावली मुक्तस्रोत असेल, म्हणजे तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला असेल, तर साइनपाथ फाउंडेशन ही संस्था योग्य प्रकल्पांना विनामूल्य सही करून देते आणि पोलंडमधील सर्टम ही प्रमाणन संस्था अशा विकसकांना अल्प दरात प्रमाणपत्र देते. याउलट मायक्रोसॉफ्टची मासिक शुल्कावरील स्वस्त सही-सेवा २०२५ साली व्यक्तिगत विकसकांपैकी केवळ अमेरिका व कॅनडा येथील रहिवाशांसाठी खुली होती. तिच्या जाहिराती वाचून अर्ज करणाऱ्या आपल्या मंडळींची निराशा झाली असल्यास नवल नाही.

सही असूनही

आता साक्याकडे वळू. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या दुष्ट आज्ञावलीवर तैवानमधील दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या खऱ्या सह्या होत्या. त्यांच्या किल्ल्या चोरल्या गेल्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय आज्ञावलीच्या एका आवृत्तीत निर्मात्याच्याच कार्यशाळेत घुसून कोणी विष कालविले. तिच्यावर निर्मात्याची अस्सल सही झाली आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती पोहोचली. पेटीत भरताना साका दिसला नाही, स्टिकर मात्र खरा होता.

त्याच वर्षीची आणखी एक घटना महाराष्ट्रास अधिक जवळची आहे. युक्रेन देशात कर व हिशोबासाठी वापरली जाणारी एमईडॉक नावाची आज्ञावली होती. तिची निर्माती कंपनी तशी लहानच. हल्लेखोरांनी तिच्या सुधारित आवृत्त्या पुरविणाऱ्या यंत्रणेत प्रवेश मिळविला आणि २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक कार्यक्रम तिच्या ग्राहकांच्या संगणकांवर पसरला. मर्स्क या जहाज कंपनीच्या तेथील कार्यालयातही ती आज्ञावली होती. परिणामी कंपनीचे जगभरचे संगणक बंद पडले आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या मर्स्कसमूहाच्या धक्क्यावरील काम थंडावले. कंटेनरांच्या नोंदी हाताने करण्याची वेळ आली. हजारो मैलांवरच्या एका हिशोबाच्या आज्ञावलीमुळे कोकणच्या किनाऱ्यावरील बंदर अडले. लहान आज्ञावलीची जोखीमही लहानच असते, असे मानणाऱ्यांनी ही घटना विसरू नये.

मग सहीचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. उपयोग असा की, दोष निघाल्यावर तो कोणाच्या दारी न्यावयाचा ते कळते. किल्ली चोरीस गेल्यास प्रमाणपत्र रद्द करता येते. वाटेत झालेला फेरफार तर सही असताना लपूच शकत नाही. मालवणच्या पेन ड्राइव्हवरील फाइल कुडाळहून निघाल्यापासून किती संगणकांतून फिरली होती, हे कोणास ठाऊक होते?

कार्यालयांनी काय पाहावे

सही तपासणे कठीण नाही. फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा विभाग दिसल्यास त्यातील नाव व तपशील पाहावा. विभागच नसेल तर सही नाही. नाव दिसले म्हणून भागले असे समजू नये. ज्याच्याकडून आज्ञावली घेतली त्याचेच ते नाव आहे काय, हे ताडून पाहावे. शाळांतील संगणक शिक्षकांनी हा पाच मिनिटांचा पाठ आठवी-नववीच्या वर्गांत अवश्य घ्यावा. मुले घरी जाऊन वडीलधाऱ्यांस शिकवितात, असा अनुभव आहे.

खरेदीच्या वेळी दरपत्रक मागविताना ‘आज्ञावली डिजिटल स्वाक्षरीसह द्यावी’ ही अट घालण्यास हरकत नाही. परंतु अट घालावयाची आणि दर मात्र सर्वांत कमी मागावयाचा, हे न्यायाचे नाही. एकाच विकसकाचे ग्राहक असलेल्या दहा-वीस ग्रामपंचायतींनी दरात सहीच्या खर्चाचा वाटा धरला तर प्रत्येकीच्या वाट्यास फार मोठी रक्कम येणार नाही. सही मिळेपर्यंतच्या काळात विकसकाने फाइलचा हॅश स्वतंत्रपणे, कार्यालयाच्या नावे पत्राने कळवावा आणि बसविण्यापूर्वी तो जुळवून पाहावा. ही तात्पुरती सोय आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. अँटिव्हायरस बंद करा, असे सांगणारे माहितीपत्रक मात्र कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. तसे सांगावे लागत असेल तर आज्ञावली परत करावी.

ज्या संगणकावर देयकांचे डोंगल लागते तो शक्यतो त्याच कामापुरता ठेवावा. अधिनियमाच्या कलम ४२ अन्वये आपली गुप्त किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची वाजवी दक्षता घेणे ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी आहे आणि ती फुटल्यास प्रमाणन प्राधिकरणास विनाविलंब कळविणेही. पिनची चिठ्ठी डोंगललाच चिकटवून दोन्ही परिचालकाच्या टेबलाच्या खणात ठेवणारे पदाधिकारी आपल्या जिल्ह्यात नाहीत, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

शेवटी एक तांत्रिक बाब, जी विकसकही पुष्कळदा विसरतात. सही करताना त्रयस्थ यंत्रणेकडून वेळेची मुद्रा, म्हणजे टाइमस्टॅम्प, घ्यावी लागते. ती असेल तर प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही, सही मुदतीत झाली होती हे सिद्ध होते आणि आज्ञावली पूर्ववत विश्वासार्ह राहते. ती नसेल तर ४६० दिवसांच्या आतच इशारा पुन्हा उमटू लागतो. गावचा विकसक उद्या नोकरीनिमित्त पुण्यास वा गोव्यास गेला तरी ग्रामपंचायतीची घरपट्टी थांबत नाही. तेव्हा आज्ञावली ताब्यात घेताना सहीच्या तपशिलात वेळेची नोंद आहे काय, हे त्याच्या समक्षच पाहून घ्यावे.